तीस-चाळीसची साईट आणि खाडीच्या दोन बाजू

"आमची तीस-चाळीसची साईट आहे, ती काढून काय जमतंय काय बघायचं," असं मी भांडुपच्या त्या एजंटला सांगितलं आणि तो पोरगा खुर्ची पुढं ओढून बसला. चहा मागवला. बिस्किटंपण आली. मग हळूच विचारतो, "काकू, तीस-चाळीस साईटी एकाच शहरात आहेत की वेगवेगळ्या?" त्याला वाटलं आमची तीस-चाळीस ठिकाणी बांधकामं चालू आहेत, बाई साधं लुगडं नेसून आलीय पण मोठी बिल्डर आहे. माझ्या पोरानं टेबलाखालून पायाला पाय लावला. आता ह्याला कसं सांगायचं की आमच्या बेळगावात काढणं म्हणजे विकणं, साईट म्हणजे रिकामा प्लॉट, चार कोपऱ्याला चार दगड, मधे गवत आणि गवतात कुणाची तरी म्हैस, आणि तीस-चाळीस म्हणजे तीस फूट रुंद नि चाळीस फूट लांब, बाराशे स्क्वेअर फूट, बस्स एवढंच. खुलासा झाल्यावर पुढची बिस्किटं काय आली नाहीत.

आम्ही दोघं पंधरा दिवसांसाठी पोराकडं गेलो होतो, घर बघायला. पोरगा ऐरोलीच्या आयटी पार्कात नोकरीला आहे आणि राहायला भांडुपात, आणखी दोन पोरांबरोबर. म्हणजे रोज सकाळी पुलावरनं खाडी ओलांडून नव्या मुंबईत जायचं, संध्याकाळी परत जुन्या मुंबईत यायचं. तीन पोरांत एक वन बीएचके, भाडं तीस हजार, तिघांत दहा-दहा. तोवर ठीक होतं ओ. पण खानापूरकडची एक सोयरीक आली, मुलगी चांगली, बोलणं चांगलं, चहापोहे झाले, आणि तिच्या वडलांनी उठता उठता एकच विचारलं, "मुंबईत स्वतःचं आहे काय?" बेळगावच्या वडगावात आमचं सहा खोल्यांचं घर, मागं परडं, परड्यात नारळ दोन, आणि त्या एका प्रश्नानं आम्ही एकदम बेघर झालो.

ह्यांनी बॅगेत काय भरलं असेल तर मेजरटेप. बेळगावच्या औद्योगिक वसाहतीत, उद्यमबागेत, तीस वर्षं मशीनशॉपला काढलेला माणूस, मापाशिवाय कशावर विश्वास नाही. स्लीपर बसमध्ये रात्रभर ती टेप उशाला.

भांडुपला पहिलं घर बघितलं ते सतराव्या मजल्यावर, अजून बांधकाम चालू, लाकडी फळ्यांवरनं चालत गेलो. वन बीएचके, कार्पेट तीनशे साठ, भाव एक कोटी पाच. सॅम्पल फ्लॅट खाली वेगळा करून ठेवला होता, त्यात पलंग एवढासा की आमचा पोरगा त्यावर झोपला तर पाय बाहेर येतील, पण बघताना खोली मोठी वाटते, ही आयडिया मला आवडली म्हणजे कौतुक वाटलं, हसू पण आलं. ह्यांनी टेप काढली. एजंटचा चेहरा पडला. बेडरूम नऊ बाय दहा, स्वयंपाकघर सात बाय सात आणि त्यातच फ्रीज. मी विचारलं मशीन कुठं ठेवायची, तर म्हणाला ड्राय बाल्कनीत, आणि ती ड्राय बाल्कनी दीड फूट पुढं आलेली एक फट होती, तिथं मशीन ठेवली तर माणूस उभा राहू शकत नाही आणि माणूस उभा राहिला तर मशीन बसत नाही.

बरं, एक गोष्ट मात्र चांगली झालीय, रेराचा कायदा आल्यापासनं कार्पेट म्हणजे काय ते ठरलंय. बाहेरच्या भिंती सोडून, बाल्कनी सोडून आत जेवढं वापरायला मिळतं तेवढंच कार्पेट. आधी सुपर बिल्टअप म्हणून जिना, लिफ्ट, वॉचमनची केबिन सगळं आपल्या डोक्यावर मारायचे. करार रजिस्टर केल्याशिवाय दहा टक्क्यांच्या वर पैसे घ्यायचे नाहीत, गिऱ्हाइकाचे सत्तर टक्के पैसे वेगळ्या खात्यात ठेवून त्याच बांधकामाला वापरायचे, आणि ताबा दिल्यावर पाच वर्षं बांधकामात दोष निघाला तर बिल्डरनं फुकट दुरुस्त करायचं, असं सगळं आहे त्यात. पोरानं हे सगळं पाठ केलं होतं, इंजिनिअरिंगला एवढा अभ्यास केला असता तर गोल्ड मेडल आलं असतं.

रात्री पोराच्या खोलीवर हिशेब मांडला. एक कोटी पाच लाखावर स्टँप ड्युटी सहा टक्के म्हणजे सहा लाख तीस हजार, बाईच्या नावावर घेतलं तर एक टक्का कमी. रजिस्ट्रेशन तीस हजार, महाराष्ट्रात त्याच्यावर जात नाही. (आमच्या कर्नाटकात ऑगस्ट २०२५ च्या शेवटापासनं रजिस्ट्रेशन फी एकाचे दोन टक्के केली आणि त्याला वरची मर्यादा नाही, म्हणजे एका कोटीला दोन लाख.) मग बांधकाम चालू असलेलं घर म्हणून जीएसटी पाच टक्के, सव्वापाच लाख. ४५ लाखाच्या आत आणि कार्पेट साठ चौरस मीटरच्या आत असेल तर सरकार त्याला परवडणारं घर म्हणतं आणि जीएसटी एकच टक्का घेतं. साठ मीटर म्हणजे साडेसहाशे फुटाला थोडं कमी. पंचेचाळीस लाखात साडेसहाशे फूट भांडुपात मिळेल काय असं ह्यांनी दुसऱ्या दिवशी एजंटला खरंच विचारलं, आणि त्या पोरानं त्या दिवसात पहिल्यांदा मनापासून हसून घेतलं.

कर्ज ऐंशी लाख धरलं, साडेआठ टक्के, वीस वर्षं. हप्ता एकोणसत्तर हजार चारशे. वीस वर्षांत भरायचे एक कोटी सहासष्ट लाख. ऐंशीचे एकशे सहासष्ट. हे बराच वेळ गप्प बसले आणि मग म्हणाले, "सात बाय सातचं स्वयंपाकघर, त्यात एवढं काय शिजवणार तू?"

मधे एक दिवस लालबागला वन्संकडं जाऊन आलो. वन्संचं घर म्हणजे चाळीतली खोली, एकशे ऐंशी फूट असेल, आणि पोटमाळा. पागडीची खोली. भाडं अजून शेकड्यातच आहे, कारण १९४७ च्या भाडे कायद्यानं भाडी १९४० सालच्या आकड्यावर बांधून टाकली होती आणि पुढं २००० साली नवा कायदा लागू झाला तरी वर्षाला चार टक्केच वाढवता येतं, शेकड्याचं चार टक्के म्हणजे काय, कोथिंबिरीची जुडी. त्यामुळं मालक दुरुस्ती करत नाही, भाडेकरू सोडत नाही, आणि जिन्याला लाकडी टेकू लावलेत ते मी लग्न होऊन आले तेव्हापासनं तेच बघतेय. रिडेव्हलपमेंट झालं तर कायद्यानं कमीत कमी तीनशे फूट मिळणार, ह्या आशेवर वन्संच्या दोन पिढ्यांची लग्नं झाली.

ह्याच भागात माझे सासरे मिलमध्ये होते. ते काय वन्संसारखं वेगळ्या खोलीत राहिले नाहीत, गाववाल्यांच्या खोलीत राहिले. चंदगड, आजरा, खानापूर, बेळगाव, आमच्याकडच्या गावागावांच्या अशा खोल्या होत्या, एका खोलीत वीस-पंचवीस माणसं, पाळीप्रमाणं झोपायचं, रात्रपाळीवाला आला की दिवसपाळीवाल्याची वळकटी गुंडाळायची आणि जेवण खानावळीत. सासरे सांगायचे, मुंबईत मी पंधरा वर्षं राहिलो पण मुंबईत माझी जागा आठ तासांची होती. त्यातनं वाचवलेल्या पैशात वडगावात पहिली एक खोली बांधली, मातीची भिंत, वर मंगळुरी कौलं. मग मागं एक पडवी काढली. १८ जानेवारी १९८२ ला गिरण्यांचा संप सुरू झाला, ते वर्षभर वाट बघून गावाकडं आले, पडवीच्या जागी दोन माग टाकले. वडगाव-शहापूर मागाचंच गाव, त्यामुळं काम मिळालं. मग ह्यांची नोकरी लागल्यावर स्लॅब पडला, माझ्या पोराच्या बारशाला संडास-बाथरूम घरात आलं, माग बंद झाल्यावर तिथं स्वयंपाकघर झालं. म्हणजे आमचं सहा खोल्यांचं घर कुणी एकदम बांधलंच नाही, ते वाढलं. पैसे आले तसं वाढलं, माणसं आली तसं वाढलं. वन्संकडनं परत येताना लोकलमध्ये उभी राहून मला हे सुचलं, की भांडुपच्या त्या घरात सगळं आहे, लिफ्ट आहे, जिम आहे, गॅसची पाइप आहे, पण त्याला वाढ नाही. त्याचा फक्त भाव वाढणार.

आता खाडीपलीकडं.

ऐरोलीच्या पुलावरनं जाताना दोन्ही बाजूला तिवरं आणि चिखलात लांबवर गुलाबी ठिपके, फ्लेमिंगो. पोरगा म्हणाला रोज बघतो. मी म्हटलं एवढं एक सुख आहे तर. पलीकडं उतरलं की रस्ता एकदम रुंद होतो, फूटपाथ दिसतो, सेक्टरचे बोर्ड दिसतात, आणि आभाळ दिसतं. १९६४-६५ च्या सुमाराला चार्ल्स कोरिया, प्रविणा मेहता आणि शिरीष पटेल ह्या तिघा वास्तुरचनाकार-इंजिनिअरांनी ही कल्पना मांडली होती, मुंबई उत्तरेकडं लांबलांब वाढवत नेण्यापेक्षा खाडीच्या पलीकडं दुसरं शहर करा म्हणून. १९७० मध्ये सिडको हे सरकारी महामंडळ झालं आणि पंचाण्णव गावांची जमीन घेऊन काम सुरू झालं. वाशीला लोकल पोचायला मात्र १९९२ उजाडलं. तोवर लोकांनी बसनं खाडी ओलांडली. त्यामुळं स्वस्त होतं ते. स्वस्त म्हणजे नेहमी कुठल्यातरी रेल्वेची वाट बघणं असतंय, हे मला आमच्या बेळगावच्या बाहेरचे लेआउट बघून पण माहीत आहे, रिंगरोड येणार, रिंगरोड येणार म्हणत साइटी विकतात.

घणसोलीत वन बीएचके, रिसेलचं, चारशे दहा कार्पेट, ऐंशी लाख. खारघरला तेवढंच बहात्तर. उलव्याला साठ, आणि तिथला एजंट दर दोन वाक्यांमागं अटल सेतू आणि विमानतळ म्हणायचा. अटल सेतूचं उद्घाटन १२ जानेवारी २०२४ ला झालं, जवळजवळ बावीस किलोमीटर, गाडीला एका बाजूचे अडीचशे रुपये. ह्यांनी विचारलं, "बस जाते काय?" जाते म्हणाला, पण त्याचा सूर असा होता की बसनं जाणाऱ्यानं उलव्यात घर कशाला बघावं.

पण खरं सांगायचं तर घरं चांगली. मी बाई माणूस, मी भिंतीचा रंग बघत नाही, मी नळ सोडून बघते. भांडुपला सोसायटीत पाणी सकाळी दोन तास, मग टाकीतलं. घणसोलीत नळ सोडला तर धार अशी की माझ्या लुगड्यावर उडाली. मोरबे धरण नव्या मुंबई महापालिकेचं स्वतःचं आहे, मोठ्या मुंबईसारखं सात तलावांकडं बघत बसायचं नाही. आम्ही राकसकोपच्या आणि हिडकलच्या पाण्यावरचे लोक, चार-चार दिवसांनी पाणी येणारे उन्हाळे काढलेत, अंगणात हौद, हौदावर सिंटेक्स, तरी पाणी आलं म्हटलं की जेवणावरनं उठायचं. त्यामुळं माझ्या मते घराची क्वालिटी म्हणजे आधी नळ, मग खिडकी, मग बाकीचं. घणसोलीच्या स्वयंपाकघराला खिडकी होती आणि खिडकीतनं पारसिकचा डोंगर दिसत होता. मी तिथंच विकली गेले होते.

ह्यांनी मात्र बाहेरनं बिल्डिंगला एक चक्कर मारली आणि कॉलमवर बोट ठेवून म्हणाले, "इकडं बघ." काँक्रीट फुगून फुटलेलं, आत गज लालभडक. समुद्राच्या हवेत मीठ असतं, ते काँक्रीटमधनं आत जातं, गज गंजतो, गंजला की फुगतो आणि फुगला की वरचं काँक्रीट उडवून टाकतो. लोखंडात आयुष्य काढलेल्या माणसाला हे कुणी शिकवायला लागत नाही. वाशीच्या जुन्या वसाहतीत स्लॅबचं प्लॅस्टर पडल्याच्या बातम्या आपण वाचतोच. ही बिल्डिंग वीस-बावीस वर्षांची होती. हप्ते वीस वर्षं भरायचे आणि हप्ते संपेपर्यंत बिल्डिंग चाळीस वर्षांची, म्हणजे कर्ज फिटायला आणि रिडेव्हलपमेंटची मीटिंग बोलवायला एकच मुहूर्त. हा दोष खाडीच्या दोन्ही बाजूंना सारखाच. आमचं वडगावचं घर ओलीनं पोपडे धरतं, पावसाळ्यात मागच्या भिंतीला बुरशी येते, पण गज खाणारी हवा आमच्याकडं नाही.

अजून एक गोष्ट कळली. ह्या सगळ्या सेक्टरातली जमीन सिडकोची, मूळ करारानं ती साठ वर्षांच्या लीजवर दिलेली. फ्लॅट विकायचा झाला की सिडकोची एनओसी आणि ट्रान्सफर चार्जेस. हे ऐकून हे म्हणाले, "म्हणजे ऐंशी लाख देऊन भाडेकरूच." पोरगा समजावत होता की तसं काय नसतं बाबा, सगळेच तसे राहतात, बँका कर्ज देतात. पण ज्याच्या बापानं आठ तासांच्या जागेतनं पैसे वाचवून मातीची खोली स्वतःच्या नावावर केली त्याला लीज ही गोष्ट गळी उतरत नाही.

आणि स्वस्तातला स्वस्त पर्याय पण दाखवला एकानं. गावठाणालगतची बिल्डिंग, सहा मजले, तीच वन बीएचके निम्म्या भावात. बँकेचं कर्ज मिळणार नाही, सगळे पैसे रोख, कागद म्हणजे स्टँप पेपरवर लिहून दिलेलं. परवानगी? तो म्हणाला इथं सगळे असेच राहतात. हे वाक्य मी बेळगावात बुडाची, म्हणजे नगरविकास प्राधिकरणाची, परवानगी नसलेल्या लेआउटमध्ये किती वेळा ऐकलंय! दिघ्याच्या नव्याण्णव बिल्डिंगांचं प्रकरण हायकोर्टात गेलं, लोकांना राहती घरं सोडायची पाळी आली, तेपण असंच म्हणत असणार. त्या बिल्डरला शिव्या द्यायच्या आधी हे पण लक्षात घ्यायला पाहिजे की ही गावं त्या शहराच्या आधीची आहेत. भात आणि मिठागरं गेली त्यांची. १९८४ च्या जानेवारीत जासईच्या आंदोलनात पाच शेतकरी गोळीबारात गेले, शेतकऱ्यांचे पुढारी दि. बा. पाटलांनी लढा दिला, त्यानंतर संपादन झालेल्या जमिनीच्या साडेबारा टक्के विकसित जमीन परत द्यायची योजना आली. शंभरातले साडेबारा. आमच्याकडं हलगा-मच्छे बायपासला शहापूर, वडगाव, अनगोळ, येळ्ळूरची बासमती पिकणारी जमीन जाते म्हणून शेतकरी कोर्टात गेले, आमच्या गल्लीतली माणसं जेसीबीपुढं आडवी पडली. तेव्हा मला वाटायचं हे आमचंच दुःख. घणसोली गावात देवळासमोर एक म्हातारी वाळत घातलेली सुकट राखत बसली होती, तिच्या मागं चौदा मजल्यांची बिल्डिंग. तिला विचारलं नाही काय, धाडस झालं नाही.

पंधरा दिवसांतला सगळ्यात चांगला दिवस म्हणजे बेलापूरचा, आणि तिथं आम्ही घर घ्यायला गेलोच नव्हतो. पोराच्या ऑफिसातल्या एकानं सांगितलं, तुझ्या आईबाबांना आर्टिस्ट व्हिलेज दाखव. सेक्टर आठ, डोंगराच्या पायाशी. कोरियांनीच १९८३ ते ८६ मध्ये केलेली वसाहत, कमी उत्पन्नाच्या लोकांसकट सगळ्यांसाठी. एका छोट्या चौकाभोवती सात घरं, चौक आठ मीटर बाय आठ मीटर. असे तीन चौक मिळून एक मोठा चौक, आणि मग त्याच्यापुढं आणखी मोठा. प्लॉट पंचेचाळीस ते पंचाहत्तर चौरस मीटर, म्हणजे फुटात पावणेपाचशे-पाचशेपासनं आठशेपर्यंत. आमच्या तीस-चाळीसपेक्षा लहान. पण प्रत्येक घर सुटं. दोन घरांत सामाईक भिंत नाही. का, तर उद्या ज्याला खोली वाढवायची असेल त्यानं शेजाऱ्याला न विचारता गवंडी आणून वाढवावी. मुद्दाम तसं केलेलं.

मी चौकात कट्ट्यावर बसलेच. तुळस, सायकली, दोन पोरं क्रिकेट खेळत होती आणि बॉल ज्या घरात गेला त्या घरातली बाई ओरडली ते अगदी आमच्या गल्लीतल्यासारखं. कुणी ओळख ना पाळख, एकीनं तांब्या आणून दिला आणि विचारलं, "कुठनं आलात?" बेळगाव म्हटल्यावर दुसरा प्रश्न कायम ठरलेला असतो, "म्हणजे कर्नाटकात ना?" त्याला मी आता नुसतं "हो" म्हणते. आधी अर्धा तास बोलायचे.

बरीच मूळ घरं आता राहिली नाहीत ओ. कौलारू एकमजली पाडून त्याच प्लॉटवर दोन-तीन मजले, काचा, स्टीलच्या रेलिंगा. आर्किटेक्चरचे विद्यार्थी येऊन हळहळतात म्हणे. मला काय वाईट वाटलं नाही. वाढायलाच बांधली होती ना, वाढली. वाईट वाटलं ते दुसऱ्या गोष्टीचं. ह्यांनी सवयीनं एकाला भाव विचारला आणि उत्तर आलं ते भांडुपच्या सतराव्या मजल्यापेक्षा जास्त. गरिबाला हळूहळू घर वाढवता यावं म्हणून ज्यांनी एवढा विचार केला, त्यांची ती घरं चाळीस वर्षांत गरिबाच्या हातातनं गेली, आणि दोन्ही शहरांत मिळून मी बघितलेली सगळ्यात चांगली राहण्याची जागा म्हणजे कमीत कमी पैशात बांधलेली ही जागा. मग तशीच आणखी शंभर का नाही बांधली? पोरगा म्हणाला, आई, एफएसआय, म्हणजे प्लॉटवर किती बांधू देतात त्याचा आकडा. सगळ्या प्रश्नांना मुंबईत एफएसआय हे उत्तर आहे.

सरकारी लॉटरीचा पण विचार केला होता आम्ही. म्हाडाची असते, सिडकोची असते, २०२४ मध्ये सिडकोनं सव्वीस हजार घरांची काढली होती. पोरगा फॉर्म बघत बसला आणि डोमिसाईलपाशी थांबला. जन्म बेळगावचा, शाळा बेळगावची, कॉलेज बेळगावचं. आम्ही महाराष्ट्राच्या कागदात आहोत, नाही असं नाही. सीमाभागातली ८६५ गावं म्हणून आमची नोंद आहे, सरकारी नोकरीच्या जाहिरातीत आमच्यासाठी वेगळं कलम असतंय. सासरे "बेळगाव, कारवार, निपाणी, बीदर, भालकीसह संयुक्त महाराष्ट्र झालाच पाहिजे" म्हणत लाठ्या खाऊन आलेले, एक नोव्हेंबरला काळा दिवस पाळताना आजारी असले तरी दंडाला काळी फीत लावायचे. आणि त्यांचा नातू मुंबईच्या एका खोलीत लॅपटॉपपुढं बसून विचारत होता, "आई, आपण डोमिसाईल कुठलं लावायचं?" ह्यांनी टेप गुंडाळली, उलगडली, गुंडाळली.

घणसोलीच्या घराचा आधीचा व्यवहार कितीला झाला ते दाखवायला एजंटनं सूची दोनचा कागद काढला. तो मी हातात घेतला आणि आधी आकडा बघायचा सोडून नुसती वाचतच सुटले. मौजे, क्षेत्रफळ, मोबदला, बाजारभाव, लिहून देणार, लिहून घेणार. सगळं मराठीत. एजंट म्हणाला, काकू, आकडा खाली आहे. त्याला काय माहीत. आमच्या वडगावच्या घराचा उतारा कन्नडमध्ये, पट्टीची पावती कन्नडमध्ये, वीजबिल कन्नडमध्ये, तिथं नाव आपलंच लिहिलंय हे मी आकड्यांवरनं आणि सवयीनं ओळखते. सहा खोल्यांची मालकीण, पण मालकीचा कागद वाचता येत नाही. इथं कागदातला शब्द न शब्द वाचता येत होता, आणि ऐंशी लाख नव्हते.

शेवटी काय केलं? काय केलं नाही. म्हणजे विकत काय घेतलं नाही. पोरगा भांडुप सोडून घणसोलीला आला, वन बीएचके एकट्यानं, भाडं बावीस हजार, अकरा महिन्यांचं ॲग्रीमेंट, डिपॉझिट पाऊण लाख. पूल ओलांडायचं वाचलं, ऑफिस पंधरा मिनिटांवर, फ्लेमिंगो तेवढे बंद झाले. हप्ता असता बावन्न हजारावर, साठ लाखाचं कर्ज धरलं तरी, आणि भाडं बावीस, मधल्या तीस हजाराचं काय करायचं ह्यावर बापलेकाचं अजून एकमत नाही. सोयरीक मोडली नाही. मुलगीच म्हणाली म्हणे वडलांना, भाड्याचं चालतंय. मी अजून तिला एकदाच भेटलेय पण माझं मत चांगलं झालंय.

साईट काढायची का नाही हा वाद मात्र मिटलेला नाही. येळ्ळूर रोडला आहे ती, पंधरा वर्षांपूर्वी ह्यांच्या पीएफमधनं घेतलेली. आज काढली तर तीसेक लाख येतील, म्हणजे घणसोलीतलं स्वयंपाकघर आणि हॉलचा खिडकीकडचा भाग. पोरगा म्हणतो काढा, पुढं भाव आणखी वाढणार. हे म्हणतात नको, तिथं बांधता येईल कधीतरी, एक खोली आधी, मग दुसरी. मी दोघांना हो म्हणते.

विकायची असो वा ठेवायची, आता ई-खाता, म्हणजे मिळकतीचा ऑनलाइन उतारा, झाल्याशिवाय काय हलत नाही म्हणून अर्ज करून ठेवला होता. परवा मोबाईलवर आला. सगळा कन्नडमध्ये. मी फोटो काढून घणसोलीला पाठवला, कारण पोराला शाळेत सक्तीनं का होईना कन्नड शिकवलेलं आहे आणि घरात वाचता येणारा तो एकटाच. त्याचा फोन आला, मी स्पीकरवर टाकला, हे टेप घेऊन येऊन बसले, मोजायला काय होतं देव जाणे.

"नाव बरोबर आहे," तिकडनं पोरगा वाचत होता. "माप तीस-चाळीस, बरोबर. पूर्वेला साईट नंबर अठरा. पश्चिमेला सोळा. दक्षिणेला लोकांची शेती. उत्तरेला मूवत्तु अडी रस्ते."

"काय म्हणतोय?"

"तीस फुटी रस्ता, बाबा. उत्तरेला."

हे माझ्याकडं बघायला लागले. उत्तरेला अजून रस्ता नाही. तिथं भात आहे.